दिनानाथांच्या वाटणीचं ताट

आमच्या मजल्यावरच्या सोनाबाईंचं वजन चौऱ्याऐंशीवर येऊन जे अडून बसलं, ते हलायचं नाव घेईना. आधीचे सहा किलो भराभर उतरले होते. पंचाहत्तरच्या खाली आल्याशिवाय गुडघ्यांचं ऑपरेशन नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि गुडघे धड झाल्याशिवाय मोऱ्याच्या कोळीवाड्यात परत जाणं नाही.

मोऱ्याला त्यांचं घर आहे, आणि नवरा आहे. दिनानाथ आठ-आठ दिवस मासेमारीच्या बोटीवर असतात. मुलगा शैलेश बंदरात नोकरीला लागला, त्याने पनवेलला फ्लॅट घेतला आणि नातीच्या निमित्ताने आईला घेऊन आला. दिनानाथ काही बोट सोडेनात. इकडे बाईंचे गुडघे गेले, तिकडच्या घराच्या उंच पायऱ्या चढणं संपलं. तेव्हापासून दोघांचा संसार फोनवर, तोही रेंज असेल तेव्हा.

आहारतज्ज्ञ ऋचाने ‘वजन असं मध्येच अडतं, याला प्लॅटो म्हणतात, मावशी’ असं समजावून रात्रीचा भात बंद केला. काटा तिथेच. शैलेश म्हणाला, चालायचं मशीन आणू. जिला चार पावलं टाकताना कळा येतात, तिला चालायचं मशीन! हसावं की चिडावं, मला कळेना.

एका सकाळी कोथिंबीर मागायला गेले, तर सोनाबाई रात्रीचा भात आणि बोंबलाचं कालवण जेवत बसलेल्या. ताट चांगलं भरलेलं.

“अहो, हे ऋचाला सांगितलंत का?”

“तिनं इचारलं, तुमी काय खाता. हे माजं कुठं हाय? हे तेंचं हाय.”

मग उलगडा झाला. माणूस दर्यात असताना त्याच्या वाटणीचं रांधायचं, ताट वाढून ठेवायचं, ही त्यांच्या सासूची शिस्त. ते दुसऱ्याला द्यायचं नाही, टाकायचं तर मुळीच नाही. सकाळी बायकोने खायचं. मोऱ्याला डोक्यावर मासळीची पाटी घेऊन हिंडताना ते जिरत होतं. इथे लिफ्टने खाली, लिफ्टने वर.

मी तोंडाची फटकळ. म्हटलं, “नवऱ्याच्या ताटापायीच तुम्ही नवऱ्यापासून लांब राहिलात, कळतंय का?”

त्यांचे डोळे भरून आले. “ताट वाडलं की वाटतं ताई, येतील आता. ते पन बंद करू?”

मी कोथिंबीर न घेताच परतले.

बोट धक्क्याला लागली त्या दिवशी त्यांनी नवऱ्यालाच विचारलं. फोन स्पीकरवर होता. दिनानाथ म्हणाले, “तितं नको वाडू. हितं येऊन वाड.”

त्या संध्याकाळी सोनाबाईंनी तांदूळ एक वाटी कमी घेतले. पंधरवड्याने काटा हलला. ऋचाने टाळ्या वाजवल्या, “मावशी, दोन किलो!” सोनाबाई काट्यावरून उतरेनात. आकड्याकडे बघत मला म्हणाल्या, “ताई, माजं वजन उतरलं. पन तेंना तिकडं कोन वाडतंय?”