दुसरा तुकडा

काउंटरच्या काचेवर नखाने दोनदा टकटक करायची आणि विचारायचं, "सगळं बराबर?" ही बसस्थानकावरच्या पोलीस जमादारांची रोजची हजेरी. उत्तर ऐकायला ते थांबायचे नाहीत, पण विचारल्याशिवाय पुढेही जायचे नाहीत. पानवाल्याला विचारायचे, एसटीच्या कंडक्टरला विचारायचे, बसस्थानकातल्या लंगड्या कुत्रीलासुद्धा विचारायचे. कुत्री शेपूट हलवायची आणि त्यांचं समाधान व्हायचं.

जाफराबादच्या बसस्थानकासमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. आम्ही मूळचे मारवाडचे, पण चार पिढ्या इथेच गेल्या. जमादार मला शेठ म्हणायचे. "शेठ, मशीन चालून राह्यलं का तुमच्यासारखंच बसून राह्यलं?" असं म्हणून स्वतःच हसायचे. मला भारी राग यायचा, कारण मशीन बहुधा बंदच असायचं.

तुम्हीही त्यांना पाहिलंय. नाव माहीत नसेल, पण पाहिलंय नक्की. उन्हात पालथा पडलेला म्हातारा आणि त्याच्या पायाला काठीने ढोसणारा पोलीस. "उठ. उठ म्हन्लो ना. उठ." मग गालावर दोन चापट्या, आणि कॉलर धरून फरफटत ओढणं. तिथे तो व्हिडिओ संपतो. तो मी काढला होता.

काढायला काही कारण नव्हतं. नवा फोन घेतला होता, कॅमेरा कसा आहे ते बघत दुकानाच्या पायरीवर उभा होतो. मे महिन्यातली दुपार. टेंभुर्णीचा एक म्हातारा भोवळ येऊन पडला, तो नेमका बस मागे घेतात त्या जागी. जमादार धावले. काठीने हलवून झालं, चापट्या मारून झाल्या, तो काही उठेना. शेवटी त्यांनी कॉलर धरून ओढलं, आणि पाच-सात सेकंदांत बसचं मागचं चाक त्या जागेवरून गेलं. मग जमादार तिथेच मातीत बसले, म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं, रुमाल भिजवून कपाळावर ठेवला आणि विचारत राहिले, "बराबर? आता बराबर?"

मला इतकं भरून आलं की तिथल्या तिथे स्टेटसला टाकलं. तेव्हा स्टेटसला तीसच सेकंद बसायचे. मी दोन तुकडे केले आणि वर लिहिलं, 'बघा आमचे जमादार'. कुठून बुद्धी झाली कोण जाणे. पहिला तुकडा कुणीतरी उचलला, माझ्या त्या ओळीसकट. नुसत्या पहिल्या तुकड्यावर ती ओळ कशी दिसते, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

तिसऱ्या दिवशी तो टीव्हीवर आला. म्हाताऱ्याभोवती लाल गोल, काठी हळूहळू खाली येताना दाखवलेली, आणि मागे छाती धडधडावी असं संगीत. बस कुठेच नव्हती. मी दुसरा तुकडा सापडेल त्या ग्रुपवर टाकला. उत्तर आलं, "हे नंतर शूट केलंय." दुसऱ्याने लिहिलं, "शेठला ठाण्यातून फोन आला वाटतं." माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण भांडायचं कुणाशी?

चौकशी झाली. बसच्या ड्रायव्हरने जबाब दिला, साहेबांनी माझ्याच फोनवर दुसरा तुकडा पाहिला, जमादार निर्दोष ठरले. ही बातमी मात्र कुणी दाखवली नाही.

गावात काहीतरी बदललं होतं. जमादारांनी "सगळं बराबर?" विचारलं की पानवाला हात पुसत उभा राहायचा. "काहीच न्हाई केलं, साहेब." त्यांचा तो आवाज लोकांच्या फोनची रिंग झाला. भर दुपारी बसस्थानकात तीन बाजूंनी "उठ म्हन्लो ना" ऐकू यायचं आणि जमादार तोंड मिटून मधोमध उभे असायचे. एकदा गल्लीतली एक बाई लेकराला जेवत नाही म्हणून तो व्हिडिओ लावून भीती घालत होती. जमादार नेमके त्या खिडकीखालून चालले होते. दुकानात आले तेव्हा चेहरा उतरलेला. "शेठ, माझा आवाज आतून येऊन राह्यला आन् मी भाईर उभा," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी काचेवर टकटक केली नाही.

मग तो म्हातारा टीव्हीवर बोलला. "लई मारलं मला पोलिसानं." आम्ही दोघं काळीपिवळी जीपमध्ये बसून टेंभुर्णीला त्याच्या घरी गेलो. जमादारांना पाहताच त्याने हात जोडले. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो, हे मी शपथेवर सांगतो.

"बाबा, तुम्ही बेशुद्ध पडल्ते," मी म्हणालो.

"व्हतो. पर सुनेनं मोबाईलात दावलं, मंग समदं याद आलं." त्याने हात मागे नेऊन पाठ दाखवली. "इथं अजून दुखतंय."

परतताना जाफराबाद आलं तेव्हा जमादार हळूच म्हणाले, "शेठ, पाठीवर मारलं व्हतं का मी?"

"बिलकुल नाही," मी म्हणालो. माझा आवाज हवा तितका ठाम निघाला नाही.

तेव्हापासून ते रोज दुकानात येऊन दुसरा तुकडा बघायला लागले. एकदा, दोनदा, दहादा. सुरुवातीला मला बरं वाटायचं. माणसाला तेवढाच आधार, असं मी समजत होतो. मग एके दिवशी त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "हा बघा. रुमाल ठेवताना कॅमेऱ्याकडं बघून राह्यलाय."

"पाणी कोण आणतंय ते बघताय तुम्ही."

"न्हाई शेठ. नाटक करतोय त्यो. काढून टाका." मी ऐकेना, तसे चार दिवस ते तेच बोलत राहिले. पाचव्या दिवशी अंगावर वर्दी असताना त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. "मला भ्या वाटतंय त्याचं."

मी त्यांच्या देखत तो पुसला. मेली माझी अक्कल. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही सुटल्यासारखं वाटलं.

पुढे त्यांची जालन्याला बदली झाली. तिथूनच निवृत्त होऊन ते बदनापूरजवळच्या आपल्या गावी राहायला गेले. फोन केला तर उचलायचे, पण बोलायचे नाहीत. 'सगळं बराबर?' आता मी विचारायचो. मागच्या महिन्यात ते गेल्याचं कळलं आणि मी तेराव्याला गेलो.

जमादारांच्या पत्नीने, वहिनींनी, पाणी दिलं. मग जवळ बसून म्हणाल्या, "शेठ, तुमच्याकडं ते दुसरं व्हतं ना, रुमालाचं? तेवढं नातीला दावा. तिनं पहिलंच पाह्यलंय. शेवटी शेवटी त्यांनी जवळ बोलावलं तरी यायची न्हाई."

मी सगळं सांगून टाकलं. मग तिथेच बसून ओळखीपाळखीच्या चाळीसेक माणसांना फोन केले. पहिला तुकडा जवळजवळ प्रत्येकाकडे निघाला. दुसरा एकाकडेही नव्हता.

वहिनी उठल्या आणि मला आत घेऊन गेल्या. आतल्या खोलीत हार घातलेला फोटो होता आणि त्याच्यासमोर सहा-सात वर्षांची ती नात मांडी घालून बसली होती, हातात आईचा फोन.

"त्यांचा आवाज तेवढ्यातच हाय," वहिनी म्हणाल्या. "दुसरीकडं कुठं न्हाई."

पोरीने फोनचं तोंड फोटोकडे केलं आणि बटण दाबलं.

"उठ. उठ म्हन्लो ना. उठ."

संपलं तसं तिने मान वर करून फोटोकडे पाहिलं, थोडा वेळ वाट पाहिली, आणि पुन्हा लावलं.