वरकुट्याच्या आबांना कुणी सांगितलं?

भुताखेतांच्या गोष्टी छापणाऱ्यांविरुद्ध मी स्वतः पत्रकं वाटलेली आहेत. त्यामुळं हे लिहिताना माझाच मला राग येतोय... पण घडलं ते असं.

सत्त्याण्णवचा उन्हाळा. बारामतीत आम्ही काही जणी, ज्यांचं आता बरं होणं नाही अशा पेशंटची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकलो होतो. जखम धुणं, दुखण्याच्या गोळ्या वेळेवर देणं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे खरं सांगणं. त्याला काय ठाऊक आहे ते आधी विचारा, मग सांगा, मग गप्प बसा — असं शिकवलं होतं.

इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याचे आबा माझे पेशंट. जबड्याचा कॅन्सर. घरात सगळ्यांना माहीत, फक्त आबांना नाही! थोरला मुलगा दत्तूभाऊ म्हणायचा, "ताई, साधी गाठ हाय म्हणायचं. बरी व्हईल म्हणायचं." माझं डोकं फिरायचं. मरण त्यांचं, आणि लपवाछपवी त्यांच्यापासूनच? त्यात मुलीनं, सुशीलानं, पळून जाऊन लग्न केलं म्हणून आबांनी तिच्याशी बोलणं टाकलेलं. बरा झालो की बघू तिचं, म्हणायचे. म्हणजे भेट राहूनच जाणार होती. शेवटी मी दत्तूभाऊला बजावलं — शुक्रवारी येईन तेव्हा सांगणार.

शुक्रवारी भर दुपारी पोचले तर दत्तूभाऊ दारातच आडवा. "आमी रानात गेलेलं बघून काल सांगून गेलात न्हवं?"

काल? काल दिवसभर मी बारामतीत धरणं धरून बसले होते, दुखणं थांबवणारी जोरदार औषधं तालुक्याला मिळावीत म्हणून. सोबतच्या सगळ्या जणी साक्षीला आहेत. आणि मी सांगितलं असतं तर छातीठोकपणे कबूल केलं असतं की! मला सांगायचंच तर होतं.

आबांची बायको काल घरीच होती. ती म्हणाली, तूच होतीस, च्या पिऊन कप बी विसळून ठेवलास.

आत सुशीला बापाच्या उशाशी बसली होती. आबांनीच कालच्या काल निरोप धाडून तिला बोलावून घेतलं होतं.

मी वाकून आबांना विचारलं, मी काय म्हणाले तुम्हाला? त्यांना बोलणं जड जात होतं.

"आता परत नगं सांगूस, पोरी. काल लई चांगलं सांगितलंस. भ्या गेलं माझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा गेले. सुशीला जवळच होती.

आमच्यातली दुसरी कुणी गेली होती का, विचारून पाहिलं. कुणीच नाही. गोळ्यांनी आबांना भास झाला म्हणावं, तर गोळ्या त्यांच्या बायकोनं घेतल्या नव्हत्या. मला अजून काही सुचलेलं नाही.

पुढच्या वर्गात नव्या मुलींना शिकवायला मलाच उभं केलं. एकीनं विचारलं, ताई, नेमकं कुठल्या शब्दांत सांगायचं? मला शिकवलं होतं तेवढं म्हणून दाखवलं. माणसाचं भ्या घालवणारं ते बोलणं माझ्याच तोंडून झालंय म्हणे... मला त्यातला एक शब्द माहीत नाही.