पत्र्यावर पास झालेलं क्रीम

माझे बाबा वर्ध्याजवळ सिंदीला, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये कामाला होते. कापसाचा हंगाम असेपर्यंत घरात भाकरी असायची. जिनिंग बंद पडलं की आई दुसऱ्यांच्या वावरात निंदणाला जायची आणि आम्ही तिघी बहिणी कण्या शिजवून दिवस काढायचो. कॉलेजला मी पॅसेंजरनं वर्ध्याला जायचे. पातळं दोन, एक अंगावर आणि एक दोरीवर. तरी बीएस्सी झाले, पहिल्या वर्गात. आमच्या घराण्यात त्याआधी कोणी मॅट्रिकही नव्हतं. हे मी अभिमानानंच सांगते.

नंतर वर्ध्यातल्याच एका लहानशा सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागले. तिथलं कोल्ड क्रीम मे महिन्यात पातळ होऊन दुकानांतून परत यायचं. मी त्यात मेण वाढवलं. तपासायची रीत साधी होती. भर उन्हात डबी टिनाच्या पत्र्यावर ठेवायची आणि चार वाजता उघडायची. तेल सुटलेलं नसलं की माल पास. त्या क्रीमनं कंपनीचं नाव झालं, म्हणून ऐंशीच्या दशकाच्या मध्यात एका हिवाळ्यात मालकांनी माल दाखवायला इंग्लंडच्या दौऱ्यावर मला सोबत न्यायचं ठरवलं. पाच दिवस, तीन शहरं.

निघायच्या दिवशी शेजारची काकू दारातूनच ओरडली, "काय वं, गोऱ्या बायायले गोरं कराले चालली म्हन्ते तू?"

सगळे हसले. आई नाही हसली. "तिकडं हरपली तं कोनाले इचारशीन?"

"ते बी मानसंच हायेत," बाबा म्हणाले. "काऊन भेववून राह्यली तिले?" असं म्हणता म्हणता त्यांनीच माझ्या बॅगेचं कुलूप तिसऱ्यांदा ओढून पाहिलं.

विमानात मी पट्टा सोडलाच नाही. तिथं पोचल्यावर सरकत्या जिन्याची भीती, काट्याचमच्याची भीती, माझं इंग्रजी कोणाला कळेल की नाही याची भीती. पहिले दोन दिवस मालक पुढे आणि मी नमुन्यांची पेटी घेऊन मागे, अशी धावपळ चालली; डब्या उघडायची वेळच आली नाही. तिसऱ्या दिवशी ते दुसऱ्या गावी गेले. जाताना सांगून गेले, "उद्या दहा वाजता इथल्या एका मोठ्या दुकानाच्या खरेदी-अधिकारी बाईंची भेट आहे. क्रीम तुमचं आहे, तुम्हीच दाखवा."

दुपारी हॉटेलात नमुने मांडावे म्हणून डबी उघडली, तर बोट आत जाईना. नखानं नुसता ओरखडा उठला. दुसरी डबी तशीच, तिसरीही तशीच. क्रीम कसलं, मेणबत्तीच! ऊन सोसायला मेण मीच वाढवलं होतं, आणि थंडीत हे काय होईल ते एकदाही तपासलं नव्हतं. ऑर्डर गेली तर खापर माझ्यावर फुटणार होतं, आणि माझ्या पगारावर घर चालत होतं.

मालकांना फोन लावला. ते म्हणाले, "घट्ट आहे म्हणजे उंची माल आहे, असं सांगा." आणि घाईत फोन ठेवला.

मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. लिक्विड पॅराफिन हवं होतं. आमच्या क्रीममधलं तेल तेच. तिथं ते पोट साफ व्हायला देतात. म्हाताऱ्या दुकानदारानं हळू आवाजात विचारलं, "किती दिवसांपासून त्रास आहे?"

"त्रास उद्या दहा वाजता आहे," मी म्हणाले. त्यानं मोठ्यातली मोठी बाटली काढून दिली.

खोलीतल्या किटलीत पाणी उकळलं, बेसिनमध्ये ओतलं, त्यात स्टीलचा पेला ठेवून चार डब्यांतलं क्रीम वितळवलं आणि तेल घातलं. क्षणात फाटलं. पाणी एकीकडे, तेल एकीकडे. आता दोनच डब्या उरल्या होत्या. एक तशीच राखून ठेवली, दुसरीतलं क्रीम वितळवलं. गार तेल घातल्यानंच ते फाटलं होतं. एवढी साधी गोष्ट भीतीपायी विसरले होते. या खेपेला तेलही तेवढंच गरम केलं, थेंबथेंब घातलं आणि पार निवेपर्यंत चमच्याच्या दांड्यानं घोटत बसले. जमलं.

दुसऱ्या दिवशी बाईंसमोर दोन्ही डब्या ठेवल्या. उंची माल वगैरे म्हणायची माझी हिंमत नव्हती. थाप पचली आणि पुढे सगळा माल परत आला तर काय, या धास्तीनंच खरं बोलले. "ही आमच्या उन्हाळ्यासाठी केली आहे. तुमच्याकडे चालणार नाही. ही काल मी हॉटेलच्या बेसिनमध्ये केली."

"बेसिनमध्ये?" त्यांनी चष्मा काढला.

"बेसिन आधी धुतलं होतं," मी घाईनं म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या डबीतलं क्रीम मनगटावर चोळलं, मग पहिल्या डबीत नख रोवून पाहिलं. शेवटी म्हणाल्या, "कारखान्यात असंच करून पाठवा. आमच्या हिवाळ्यात ठेवून बघू."

परत आल्यावर मी कारखान्यात बर्फाच्या पेटीत डब्या ठेवून तपासणी सुरू केली आणि थंडीचं वेगळं क्रीम बसवलं. पुढच्या वर्षी त्या बाईंच्या दुकानाकडून त्याची ऑर्डर आली. वर्ध्याहून परदेशी गेलेला आमच्या कंपनीचा तो पहिला माल, आणि त्याच वर्षी मी प्रयोगशाळेची प्रमुख झाले.