रबरी हातमोजे

रबरी हातमोज्यांचा पावडरीसारखा वास आला की आमचा गिनीपिग आठवतो. मुलीने हट्टाने आणलेला आणि अर्थातच माझ्या गळ्यात पडलेला. मुलुंडच्या घरात त्याचे केस गळून पाठीवर गोल चट्टे पडले, तेव्हा सासूबाईंनी खोबरेल तेल चोळलं आणि चट्टे आणखीच पसरले. डॉक्टर म्हणाले, "हे गजकर्ण आहे, तेल बंद करा. मलम लावा, पण हातमोजे घालून, माणसांनाही होतं." मी ऑफिसातून दमून यायचे, पिंजरा गरम पाण्याने धुवायचे आणि बघते तर सासूबाई त्याला मांडीवर घेऊन उघड्या बोटांनी मलम लावत बसलेल्या. "अहो आई, हातमोजे कुठायत?" "ते घातले की थरथरतो गं. कोण आहे ते त्याला कळत नाही." पुढे त्याला केस आले, सासूबाईंच्या मनगटावर मात्र चट्टा उठला आणि तेही मलम माझ्याच वाट्याला आलं. आता त्या अंथरुणाला खिळल्या आहेत, पडून पडून पाठीला जखमा झाल्यात. आज सकाळी हातमोजे घालून त्यांच्या पाठीला मलम लावायला घेतलं, तर भिंतीकडे तोंड करूनच त्यांनी विचारलं, "कोण आहे?" मी हातमोजे काढून ठेवले.