मास्तरांची हिस्टरी काही पुसेना

घाबरलात की आधी पाय ब्रेकवर, हे ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी जन्मभर लोकांच्या डोक्यात भरवलं. त्या सकाळी घाबरले ते स्वतःच. समोर होता ऑफिसातला कॉम्प्युटर, आणि त्याला कसला आलाय ब्रेक!

ऑफिस म्हणजे रस्त्यालगतची एक खोली. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, खिळ्यांना टांगलेल्या चाव्या आणि कोपऱ्यातल्या टेबलावर हे यंत्र. स्कूल मेहुण्याचं, मास्तरांच्या बायकोच्या धाकट्या भावाचं. मास्तर गाडी शिकवायचे, मेहुणा शिकाऊ लोकांच्या परीक्षेच्या तारखा लावायचा. तो आता येऊन याच खुर्चीत बसणार होता. शोधायच्या चौकटीत त्याने 'ड्रायव्हिंग टेस्ट' लिहायला घेतलं, की पहिल्या अक्षरालाच खाली काय उघडेल ते मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. 'डोळ्यांच्या कडेचं दिसत नाही, कारणं.' त्याच्याखाली, 'डोळे अधू असताना गाडी शिकवता येते का.'

हे उद्योग मास्तरांचेच. गेल्या आठवड्यात गाडी शिकताना बेकरीवाल्या बाईंनी अचानक करकचून ब्रेक मारला होता. मास्तरांच्या बाजूने एक सायकलवाला पुढे घुसला होता, आणि तो मास्तरांना दिसलाच नव्हता. शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. तो तसाच राहिला.

"मास्तर, तुम्ही का नाही हो दाबलात?" बाईंनी विचारलं.

"शाबास! तुमची परीक्षाच घेत होतो," मास्तरांनी ठोकून दिलं.

बाई खूश झाल्या. नोकरी गेली तर या वयात दुसरं येतंय काय, या विचाराने मास्तरांची मात्र झोप उडाली होती. आणि झोपेपेक्षाही तो सायकलवाला डोक्यातून जात नव्हता.

आता ते हिस्टरी पुसत होते. पहिल्यांदा पुसली तेव्हा फक्त गेल्या तासाभराची गेली. किती दिवसांचं पुसायचं ते विचारणारी वरची बारीक पट्टी त्यांनी पाहिलीच नव्हती. मग त्यांनी 'सुरुवातीपासूनचं सगळं' निवडलं आणि ठोकलं. यादी कोरी! मास्तरांचा जीव भांड्यात पडला. खात्री करायला त्यांनी 'ड' लिहिला. बारीकसं घड्याळाचं चित्र घेऊन तीच ओळ पुन्हा हजर. कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. तरी तेच. मेलं आहे तरी काय हे!

शेवटी त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. "माझ्या एका मित्राची अडचण आहे. हिस्टरी पुसतो, पण परत येते."

"मित्राची ना?" पलीकडे हसू फुटलं. "अहो मास्तर, ह्या वयात असलं काय बघता?"

खऱ्या गोष्टीपेक्षा ही बदनामी मास्तरांना परवडली.

"ब्राउझरमधलं पुसलंत, पण अकाउंट उघडंच असेल," तो म्हणाला. "शोधलेलं तिथंही साठतं. वरच्या कोपऱ्यात गोल फोटो आहे का? त्यातून आत जा, ॲक्टिव्हिटी म्हणून आहे, ती पुसा. फोटो कुणाचाय?"

फोटो लेकीचा आहे, असं मास्तरांनी सांगितलं. परगावी नोकरीला जाण्याआधी ती सुट्टीत इथं मदतीला यायची. हा कॉम्प्युटर तिनेच लावून दिला होता, स्वतःच्या अकाउंटवर.

"मग झालं की! तुमच्या मित्राने जे शोधलं, ते तिलाही दिसत असणार," असं म्हणून तो हसतच राहिला.

मास्तरांनी फोन ठेवला. त्यांनी ॲक्टिव्हिटी उघडली. त्यांच्या ओळी होत्याच, पण मधेमधे त्यांनी न लिहिलेल्याही होत्या. त्यांच्याखाली 'फोनवरून' असं लिहिलेलं. 'कडेची नजर कमी होणे, उपचार.' 'वडील आजार लपवत असतील तर काय करावं.' आणि सगळ्यात वर, काल रात्रीची, 'वडिलांना गाडी सोडायला कसं सांगावं, वाईट न वाटता.'

काल रात्री तिचा फोन आला होता. गुडघे कसे आहेत, जेवलात का, असं काहीबाही विचारून ती मधेच गप्प झाली होती. मास्तरच म्हणाले होते, "चल, ठेवतो. सकाळी गाडीवर जायचंय." ती मधेच का थांबली होती, ते आता त्यांना कळलं.

'सगळं पुसा' हे बटण समोर होतं. बोट माउसवर होतं. एवढ्यात बेकरीवाल्या बाई दारातून डोकावल्या. "मास्तर, मी गाडीत बसते. आजही परीक्षा घ्या हं माझी!"

त्यांच्या मागोमाग मेहुणा आला. "दाजी, उठा बरं. तारखा लावायच्यात."

मास्तर उठले आणि खिशातली चावी त्यांनी टेबलावर ठेवली. "बाहेर बाई बसल्यात. त्यांना तू घेऊन जा. मला कडेचं दिसत नाही रे."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"आणि तरी रोज गाडीत बसत होतात?" मेहुण्याचा आवाज चढला. "अहो दाजी, कुणीतरी मेलं असतं!"

"हो," मास्तर म्हणाले. मेहुणा चावी उचलून तरातरा बाहेर गेला.

मास्तर पुन्हा खुर्चीत बसले. पुसलं काहीच नाही. शोधायच्या चौकटीत एका बोटाने, अक्षर हुडकत हुडकत त्यांनी लिहिलं, 'पोरी, आजपासून गाडी सोडली. डॉक्टरांकडे माझ्याबरोबर येशील का', आणि एंटर दाबलं. यंत्राने लगेच जुन्या गाड्या विकत घेणाऱ्यांची दुकानं दाखवायला सुरुवात केली. मास्तरांनी तिकडे पाहिलंही नाही. फोन समोर ठेवून ते तो वाजायची वाट बघत बसले.