खळ्यात आलेलं तांबडं कुत्रं

भटकं कुत्रं शिरलं की काय करायचं, हे पोलादपूरच्या डोंगरातल्या आमच्या वाडीत ठरलेलं होतं. गळ्यात चिंधी असेल तर ते कुणाचं तरी, त्याला हात लावायचा नाही. चिंधी नसेल तर मातीच्या परळात पाणी ठेवायचं. प्यालं तर पलीकडच्या वाडीकडे हुसकायचं, नाही प्यालं तर पिसाळलेलं समजून काठ्या काढायच्या. बस्स, एवढाच न्याय! आदल्या वर्षी खालच्या वाडीतला एक माणूस कुत्रं चावून तडफडून मेला होता. त्यावरचं औषध पार महाडलाही मिळत नव्हतं. तेव्हा भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही.

मी तेव्हा विशीची. नवरा मुंबईला गिरणीत, घरात मी आणि सासू. तिला मी आत्याबाई म्हणायची. भात झोडून झालं होतं. एका सकाळी आमच्या खळ्यात एक तांबडं कुत्रं येऊन बसलं. तोंड आ वासलेलं, लाळ गळतेय. आरडाओरडा झाला, पाटलासकट दहा-बारा बाप्ये काठ्या घेऊन धावले. लांबूनच परळ सरकवला. कुत्र्यानं जीभ बुडवली, पण घोट काही गिळवेना, सगळं पाणी बाहेर सांडलं.

"प्यालं नाय! पिसाळलंय," पाटील म्हणाला.

पण मी बघत होते ना! ते पाण्याला भ्यालं नव्हतं. परत परत तोंड घालत होतं बिचारं, आणि पंजानं गाल ओरबाडत होतं. माझ्या मस्तकात तिडीक गेली. लुगड्याचा काठ टर्रकन फाडला आणि पुढे जाऊन त्याच्या गळ्यात बांधला.

"आता हे माझं हाय. कोण मारतो बघते!"

"येडी झालीस काय गो? चावलं तर मरशील," आत्याबाई ओरडली.

"मरीन मी. तुमचं काय जातंय?"

चिंधी बांधल्यावर कुणाला काठी उगारता येईना. रीत त्यांचीच ना! मी घरातून सांडशी आणि घोंगडी आणली. घोंगडी त्याच्या अंगावर टाकली खरी, पण एकटीला ते आवरेना. तेवढ्यात मघापासून माझ्यावर करवादणारी आत्याबाई आली, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी घोंगडी दाबून बसली.

"बघ काय बघायचंय ते. बिगीनं."

दाढांच्या मधे, टाळूला आडवं हाड रुतलं होतं. सांडशीनं धरलं, निसटलं. परत धरलं. त्याचा दात माझ्या मनगटाला घासला तेव्हा वाटलं, संपलं सगळं. पण सोडलं नाही. हाड निघालं तसं कुत्रं धडपडून उठलं. आत्याबाईनं परळ पुन्हा भरला, तो त्यानं चाटूनपुसून रिकामा केला.

मग पाटील म्हणाला, "बाईमाणसानं येवढं धाडस करू नये."

"मग बाप्यांनी करायचं होतं!"

"कुत्रं ठेवू काय, म्हणून घरवाल्याला इचारलंस?"

"घरवाला मुंबईत हाय. कुत्रं हितं हाय."

माणसं निघून गेली. तेव्हा कुठे मी खळ्यातच बसून रडले. भीती होतीच, पण खरं सांगते, संताप जास्त होता. एवढे बाप्ये जमले होते, काठ्या सगळ्यांच्या हातात होत्या. त्याच्या तोंडात काय झालंय ते वाकून बघावं, असं एकालाही वाटलं नव्हतं.