दोन पासपोर्टांचा क्लेतो

फिलिपिन्समधल्या आमच्या दुमागेते गावच्या मासळी बाजारात सकाळी आवई उठली, की अनाक्लेतो विलारिनला, म्हणजे आपल्या क्लेतोला, दोन पासपोर्टांसकट पोलिसांनी धरलं. दुपारपर्यंत तिसरा पासपोर्टही निघाला होता. खरं एवढंच, की शेअर दलालाच्या कचेरीतून त्याला परत पाठवलं, तेही पाणी पाजून. दोन पासपोर्ट त्याच्याकडे आहेत आणि दोन्ही कायदेशीर आहेत. गल्लीतल्या शेंबड्या पोरांनीसुद्धा ते हाताळलेत, न दाखवता त्याला चैन पडेल तर ना.

बावीस वर्षं हा माणूस कॅलिफोर्नियात इस्पितळाच्या चादरी धूत होता. तिथला नागरिक झाला, पगारातून शेअर घेत गेला, मग परतून शपथ घेऊन पुन्हा फिलिपिनो झाला. शेअरच्या लाभांशावर घर चालायचं. फाटकावर अमेरिकेचा पितळी गरुड ठोकला. चार जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, गल्लीला सॉसेज खाऊ घालून 'आम्हां अमेरिकनांची शिस्त' यावर तासभर बोलायचा. सॉसेज बरे असत, म्हणून लोक ऐकून घेत.

तिकडच्या शेअर कंपनीतल्या खात्यावर पत्ता कॅलिफोर्नियातल्या भाचीचा होता. परतलेले सगळे तसंच करतात आणि तोंड मिटून बसतात. क्लेतोचं तोंड मिटेल कसं? पासवर्ड विसरला म्हणून त्याने तिकडे फोन लावला, आणि फोनवरच्या बाईने "आज कसे आहात?" एवढंच विचारलं, तर हा सांगत सुटला, की मी आता समुद्रकाठच्या माझ्या स्वतःच्या घरी कायमचा राहतो, नारळ माझे, वारा माझा. हात दाखवून अवलक्षण! आठवड्यात पत्र आलं: परदेशी राहणाऱ्यांची खाती आम्ही ठेवत नाही, साठ दिवसांत शेअर हलवा, नाहीतर विकून पैसे पाठवू.

म्हणून तो इथल्या दलालाकडे गेला. फॉर्मवर प्रश्न होता, आपण अमेरिकेचे नागरिक आहात का? वर्षभर छाती फुगवून जे उत्तर दिलं, त्याच्या नेमकं उलट उत्तरावर क्लेतोने बारीकशी खूण केली. कारण अमेरिकन म्हटलं की तिकडच्या करखात्याची कागदपत्रं दलालाच्या गळ्यात, आणि ती कटकट या कचेरीला नको होती.

काउंटरवर होती जेर्लिन, आमच्याच गल्लीतली. तिने फॉर्म वाचला आणि थोरल्यांना आम्ही म्हणतो तसं 'नोंग' म्हणत हळूच बोलली, "नोंग क्लेतो, चार जुलैला तुमच्याकडे तीन सॉसेज खाल्लेत मी. भाषणही ऐकलंय पूर्ण. मी यावर सही कशी करू?"

तो म्हणाला, इथे मी फिलिपिनो म्हणूनच आलोय.

"मग तो गरुड?"

"तो घरी असतो."

पण जेर्लिन नोकरी घालवायला बसली नव्हती. तिने नवा कोरा फॉर्म पुढे केला. क्लेतोने बराच वेळ पेन धरून ठेवलं, शेवटी 'हो'वर खूण केली. कचेरीच्या साहेबांनी आतूनच मान हलवली, नाही. मग त्याला पाणी दिलं.

साठ दिवस संपले, शेअर विकले गेले, तेही पडत्या भावात. पैसे आता इथल्या बँकेत पडून आहेत आणि व्याज येतं ते घरखर्चाच्या निम्म्यालाही पुरत नाही. गरुड मात्र जागेवर आहे, रोज पॉलिश होतो.

यंदाच्या चार जुलैला प्रत्येकाच्या पानावर अर्धाच सॉसेज होता. शेजारचा कोर्सिनो, जन्मभर बोटीवर स्वयंपाक केलेला आणि आपल्या गावाखेरीज कशाचाच नागरिक न झालेला, तो तुकडा काट्यावर फिरवत म्हणाला, "काय नोंग, दोन-दोन देश, आणि एकालाही तुझे पैसे नकोत?"

गल्ली हसली. क्लेतोने पाव मोडला, त्याच्या पानात टाकला आणि म्हणाला, "मला 'नाही' म्हणायला दोन देश लागले. तुला तर अजून कुणी फॉर्मसुद्धा दिलेला नाही. खा."